भुताचं हक्कसोडपत्र

ड्रॅक्युलाची गोष्ट मुळात घरखरेदीची आहे. इंग्लंडातला एक तरुण वकील कागदपत्रं घेऊन ट्रान्सिल्व्हानियाच्या डोंगरात जातो, कारण तिथल्या एका उमरावाला लंडनजवळची जुनी वास्तू विकत घ्यायची आहे. रक्त पिणं, वटवाघळं, छातीत खुंटी ठोकणं हे सगळं पुढचं. आधी कागद होतात. ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ सालची. मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकानं १९२२ साली तिच्यावरून ‘नोस्फेराटू’ काढला, तो कुणाची परवानगी न घेता, नावंगावं बदलून. त्यातही घरांची दलाली करणारा एक इसम आपल्या हाताखालच्या पोराला काउंटकडे पाठवतो, आणि काउंट घेतो ते घर नेमकं या पोराच्या घरासमोरचं असतं. स्टोकरच्या विधवेनं दावा लावला, तो जिंकला, आणि १९२५ साली सिनेमाच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती बचावल्या म्हणून आपण तो बघू शकतो. पडद्यावर घराचा व्यवहार आणि पडद्याबाहेर हक्काचा खटला! नारायण पेठेत वाढलेल्या बाईला यात परकं काय वाटणार?

मी हे सिनेमे आवडीनं बघते. घरातल्यांना याचं कोडं आहे. देवाधर्माचं फारसं न करणारी, अमावास्येला प्रवासाला निघणारी ही बाई रात्री अकरानंतर दिवे मालवून असलं काहीतरी लावून का बसते, असं माझ्या जाऊबाईंनी एकदा तोंडावर विचारलं होतं. तेव्हा काही सुचलं नाही. आता सांगता येईल. गॉथिक म्हणतात तो सिनेमा माझ्या मते भुतांचा नसतोच, तो मालमत्तेचा असतो. भूत म्हणजे ज्याचं नाव प्रॉपर्टी कार्डावर चढलं नाही असा वारस. हिचकॉकच्या १९४०च्या ‘रिबेका’त नवी बायको घरात येते, पण नोकरचाकरांपासून पडद्यांपर्यंत सगळं घर मेलेल्या पहिल्या बायकोचं राहतं. कमाल अमरोहींच्या ‘महल’मध्ये (१९४९) अशोककुमार येतो तो बापानं लिलावात घेतलेल्या हवेलीत, आणि भिंतीवर स्वतःच्याच चेहऱ्याचं चित्र बघून हबकतो. गियेर्मो देल तोरोच्या ‘क्रिमसन पीक’मध्ये (२०१५) इंग्लंडचा कफल्लक सरदार अमेरिकेत जाऊन श्रीमंताची मुलगी करून आणतो, कारण त्याला घराखालच्या तांबड्या मातीची खाण चालवायला भांडवल हवं आहे. त्या घराच्या छताला भगदाड आहे, दिवाणखान्यात पानं आणि बर्फ पडतं, जमीन खचते आणि फरशीतून तांबडी माती वर येते. गोष्ट बेतास बात, पण घर असं की तिकिटाचे पैसे वसूल. दुरुस्ती परवडत नाही आणि विकायचं म्हटलं तर अब्रू जाते, असं घर बघायला कुणा पुणेकराला इंग्लंडात जायची गरज नाही.

भीतीच्या नावाखाली हल्ली जे मिळतं त्यातलं पुष्कळसं मला नको असतं. सगळं शांत होतं, कॅमेरा आरशाकडे सरकतो आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासकट काहीतरी अंगावर येतं. दचकायला होतं, पण टिळक रोडवर मागून पीएमपीच्या बसनं भोंगा मारला तरी तितकंच दचकायला होतं. ती भीती नव्हे. रॉबर्ट वाइझच्या १९६३च्या ‘द हाँटिंग’मध्ये भूत एकदाही दिसत नाही, एक दार आतल्या बाजूला फुगतं, बस. मी तो दुपारी पाहिला होता, तरीही उठून कडी तपासली. रॉबर्ट एगर्सचा २०२४चा ‘नोस्फेराटू’ आमच्या भाच्याला थोर वाटतो. मला त्यातली प्रत्येक चौकट तैलचित्रासारखी घासूनपुसून केलेली दिसली आणि शेवटी शेवटी त्या सौंदर्याचाच कंटाळा आला. एक मात्र कबूल: त्यानं काउंटला भरघोस मिशा दिल्या. मूळ कादंबरीतही त्या आहेत, बहुतेक सिनेमावाल्यांनीच इतकी वर्षं त्याची गुळगुळीत हजामत केली होती.

आता वाड्याबद्दल. आमच्या वाड्याला दिंडी दरवाजा होता, दोन चौक होते, आणि मागच्या चौकात आड. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागे. भिंतीत बळद होतं, पूर्वी धान्याचं. आमच्या काळात त्यात जुनी पंचांगं आणि एक मोडका पाळणा पडलेला. बाळंतिणीची खोली सगळ्यात अंधारी, तिला खिडकी म्हणून जे होतं त्यातून मांजरही जाऊ शकलं नसतं. आडाच्या तळाशी भुयार आहे आणि ते शनिवारवाड्यात निघतं, असं वाड्यातली सगळी मुलं शपथेवर सांगत. पेठेतल्या प्रत्येक वाड्यातली मुलं हेच सांगत असत. मोठी झाल्यावर कळलं की भुयारं खरोखरच होती, पण पाण्याची. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणण्यासाठी जमिनीखालून दगडी नळ बांधला. त्यावर हवेसाठी ठेवलेल्या उभ्या विवरांना उच्छ्वास म्हणतात. काळोखातून वाहणारं पाणी, वर पेठ, आणि मधून मधून जमिनीला श्वास घेण्यासाठी तोंडं. कुठल्याही कलादिग्दर्शकानं हे सुचवलं असतं तर निर्मात्यानं ‘फार होतंय’ म्हणून खोडलं असतं.

या घरांतून जे घडलं तेही काही कमी नव्हतं. इंग्रजी गॉथिकमध्ये माळ्यावर कोंडलेली वेडी बायको असते. १८४७च्या ‘जेन एअर’पासून तिची परंपरा सुरू. आपल्याकडे तिला माळ्यावर चढवायची गरजही पडली नाही. ती माजघरातच होती, केस काढलेली, आलवणात, सर्वांच्या डोळ्यांसमोर आणि कुणालाच न दिसणारी. याच पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं, गरोदर विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं म्हणून. ते का काढावं लागलं याचा विचार पेठेतल्या आडांकडे बघत करावा. मग भुयाराच्या गोष्टी पोरकट वाटू लागतात.

आमचा वाडा पुनर्विकासाला गेला तेव्हा माझ्या आत्याला मुंबईहून बोलावलं होतं. ती आली, चहा घेतला, हक्कसोडपत्रावर सही केली, मागच्या चौकात जाऊन थोडा वेळ उभी राहिली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. कुणी तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती. भावांकडून बहिणी काही घेत नाहीत अशी आमच्याकडची रीत, आणि तिनं ती पाळली. तिचं जाणं मला कुठल्याही सिनेमातल्या भुतापेक्षा जास्त छळतं. भुतं निदान परत येऊन मागतात तरी.

पुण्याचं सगळ्यात प्रसिद्ध भूतही वारसाहक्काच्या भांडणातलंच आहे. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, शनिवारवाडा. अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा आपल्या चुलत्याकडे धावत जातो आणि गारदी त्याला तिथेच तोडतात. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी त्या चुलत्याला, राघोबादादांना, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. नारायणरावाच्या मागे जन्मलेला मुलगा, सवाई माधवराव, तोही १७९५ साली त्याच वाड्यात उंचावरून पडून गेला. १८२८ साली वाडा जळाला. उरली आहेत ती जोती, तटबंदी आणि अमावास्या-पौर्णिमेला ऐकू येते म्हणतात ती नारायणरावाची हाक. ती मी कधी ऐकलेली नाही. पण वाडा गेला, गादी गेली, राज्य गेलं आणि त्या पोराची दाद मागणारी हाक तेवढी लोकांनी अडीचशे वर्षं जिवंत ठेवली, हे मला कुठल्याही पडक्या किल्ल्यापेक्षा मोठं गॉथिक वाटतं. इंग्रजीतली पहिली गॉथिक कादंबरी मानतात ती होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ १७६४ची. तिचाही विषय बळकावलेली गादी. नऊ वर्षांनी पुण्यात ते प्रत्यक्ष घडलं. या प्रकरणावर ‘प्रभात’नं १९४४ साली ‘रामशास्त्री’ केला, ललिता पवार त्यात राघोबांची बायको आनंदीबाई होत्या. सिनेमा उत्तम, पण त्याला न्यायाधीशात रस होता, काळोखात नव्हता.

काळोखात रस होता तो दहा वर्षं आधी, शांतारामबापूंना. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली आणि इथल्या नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट म्हणजे १९३४चा ‘अमृतमंथन’. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा. नरबळी आणि पशुबळी बंद करणारा राजा, आणि त्याच्याविरुद्ध चंडिकेच्या मूर्तीपाशी अंधारात कट शिजवणारा राजगुरू. मराठीत राजगुरू केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. सुरुवातीलाच पडदाभर एक डोळा येतो. लांब पल्ल्याच्या भिंगानं टिपलेला, माणसाचा न वाटणारा, पापणी हलेल की काय म्हणून आपण वाट बघत बसतो. शांतारामबापू आदल्याच वर्षी ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीला जाऊन आले होते, आणि मशालींच्या त्या तिरक्या सावल्यांमध्ये तो देश स्पष्ट दिसतो. ‘महल’चा छायालेखक योझेफ विर्शिंगही जर्मनच. ‘कॅलिगरी’ आणि ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटांतल्या सावल्या आपल्याकडे अशा दोन वाटांनी आल्या, एक पुण्यात उतरली, दुसरी मालाडला, बॉम्बे टॉकीजमध्ये.

मला ‘अमृतमंथन’मध्ये महत्त्वाचं वाटतं ते असं: तो बळी देण्याच्या विरोधात आहे, सुधारक आहे, तरीही त्यानं भीतीची गंमत सोडलेली नाही. राजगुरू चुकीचा आहे हे ठामपणे सांगतानाच तो पडद्यावर सगळ्यात भव्य दिसेल याची काळजी घेतली आहे. पुढे आपल्याला हे जमेनासं झालं. मराठी सिनेमानं भूत दिसलं की दोनच गोष्टी केल्या, एक तर त्याला हसला किंवा त्याला दवाखान्यात नेलं. १९७६चा ‘हा खेळ सावल्यांचा’ दुसऱ्या प्रकारातला. आशा काळे त्यात खरोखर घाबरवतात, हृदयनाथांची गाणी अजून लोकांच्या तोंडी आहेत, पण शेवटी मनोविकाराचं निदान होतं आणि नरसू नावाच्या भुताच्या सावलीतली हवाच निघून जाते. पहिल्या प्रकारात ‘झपाटलेला’ (१९९३) आणि ‘पछाडलेला’ (२००४). ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूवर माझं प्रेम आहे, रामदास पाध्यांचा तो बाहुला मी आजही बघते. पण त्यानंतर मराठीत भूत म्हणजे विनोद असं जे ठरलं ते ठरलंच. हिंदीतल्या रॅम्से बंधूंना आम्ही सुशिक्षित लोकांनी नाकं मुरडली. १९७२चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी सगळं कुटुंब घेऊन महाबळेश्वरला केला. रबरी मुखवटे, हिरवा-लाल उजेड, अंघोळीचे प्रसंग. वाईटच सिनेमे. तरी हवेली, तळघर आणि पूर्वजांचं पाप ही मांडणी त्यांना समजली होती, हे मान्य करावं.

कुणी म्हणेल, पुण्यासारख्या सुधारकांच्या गावात भुतांची तरफदारी कशाला. भूत आहे असं मी म्हणत नाही. नरेंद्र दाभोलकरांचं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम मला पटत आलं, आणि २० ऑगस्ट २०१३ला ओंकारेश्वराजवळच्या ज्या पुलावर त्यांचा खून झाला त्यावरून सकाळी जाताना सिनेमातलं एकूण एक भूत किरकोळ वाटतं. भुतावर ज्याचा विश्वास आहे त्याला असले सिनेमे बघवत नाहीत. आमच्या जुन्या मोलकरीणबाई असं काही लागलं की उठून जात. हा शौक आमच्यासारख्या न मानणाऱ्यांचाच. आणि ‘खुन्या मुरलीधर’ असं नाव देवाला देऊन त्या कोपऱ्यावर निवांत भाजी घेणाऱ्या गावाला रक्तबंबाळ गोष्टींचं वावडं आहे, असं कुणी मला सांगू नये.

मग ‘तुंबाड’ आला. १२ ऑक्टोबर २०१८. पहिल्या फेरीत थिएटरं अर्धी रिकामी होती, नंतर घराघरांतल्या पडद्यांवर तो पसरला, आणि १३ सप्टेंबर २०२४ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. दुसऱ्या वेळी मी भाच्याबरोबर गेले होते. शेजारच्या रांगेतली मुलं संवाद आधीच म्हणत होती. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. बीज नारायण धारपांच्या गोष्टीतलं. ती त्यांनी स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वरून ‘आजी’ म्हणून केलेली. धारप पुण्याचे. वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांची पुठ्ठ्याची बांधणी सगळ्यांत आधी सुटायची, आणि शिष्ट समीक्षकांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. अमेरिकेतली आजी पुण्याच्या लेखकानं कोकणात न शोभणारी ठेवली असती तर गोष्ट तिथेच मेली असती. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ती सतत पावसात भिजणाऱ्या वाड्यात नेऊन साखळीला बांधली.

‘तुंबाड’मध्ये हस्तर हा राक्षस आहे, देवीच्या गर्भात अडकलेला, लंगोटात सोन्याच्या मोहरा बाळगणारा आणि कणकेच्या बाहुल्यांना भुलणारा. पाहिल्यावर चार दिवस कणीक मळवत नाही. पण माझा थरकाप झाला तो हस्तर राहतो त्या विहिरीत नव्हे, पुण्यात. सिनेमाचा नायक विनायकराव तुंबाडहून मोहरा आणतो, इथे घर चालवतो, बाई ठेवतो, छान कपडे घालतो आणि आपल्या पोराला तोच धंदा शिकवतो. त्याची तालीम घेतो. बाप मुलाला पोहायला शिकवतो तितक्या सहजपणे तो त्याला लंगोटाला हात घालायला शिकवतो, आणि पोरगं बापाला बरं वाटावं म्हणून मन लावून शिकतं. वंशपरंपरा याहून उघडी करून मी कुठे पाहिली नाही. त्या पोराची आणि त्या भयंकर आजीची, दोन्ही कामं मोहम्मद समद या एकाच मुलानं केली आहेत. हे कळल्यावर सिनेमा आणखी अंगावर येतो. पुढे स्वातंत्र्य मिळतं, वाडा सरकारजमा होण्याची वेळ येते, आणि बापलेकांची घाई सुरू होते. पुन्हा मालमत्ता. चित्रीकरण झालं त्यातला एक वाडा सासवडचा, पुरंदऱ्यांचा. आता मुलं तिथे फोटो काढायला जातात.

याच्या तोडीचा एकच सिनेमा मला आठवतो, देल तोरोचाच, २००६चा ‘पॅन्स लॅबिरिन्थ’. १९४४चा स्पेन, फ्रँकोचं राज्य, एक लहान मुलगी आणि जमिनीखालचं जग. तळहातावर डोळे असलेला तो फिकट प्राणी सगळ्यांना आठवतो, मला मात्र तिचा सावत्र बाप, तो कप्तान जास्त आठवतो, घड्याळाची काळजी घेणारा, गुळगुळीत दाढी करणारा. त्यालाही मुलगाच हवा असतो, वंश चालवायला. आपले लोक गूढ अद्भुताचा सिनेमा करायचा म्हटलं की संगणकावर पंख आणि शिंगं काढायला बसतात. पंख सोपे आहेत, कप्तान अवघड आहे.

माझी तक्रार आता सांगते. ‘तुंबाड’ हिंदीत आहे. माणसं मराठी, वाडा मराठी, पाऊस कोकणचा, लोभ सदाशिव पेठेतला, अनिता दातेसुद्धा आपली, आणि बोलणं हिंदी. आदित्य सरपोतदारचा ‘मुंज्या’ (२०२४) बघा: मूकपटांच्या काळापासून पुण्यात सिनेमा करणाऱ्या घराण्यातला दिग्दर्शक, पुण्यातला नायक, कोकणातला पिंपळ, आणि भाषा हिंदी. तो सिनेमा मला आवडला, त्यातली आजी तर फारच. संगणकानं केलेल्या मुंजाची मात्र मला पिंपळाइतकीही भीती वाटली नाही. विशाल फुरियानं २०१७ साली ‘लपाछपी’ मराठीत केला. त्यानं हवेलीच्या जागी उसाचं शेत घेतलं, ज्याला भिंती नाहीत आणि तरीही बाहेरची वाट सापडत नाही. विषय मारल्या गेलेल्या मुलींचा, भूमी साखरपट्ट्याची. इतकी अस्सल कल्पना मराठीत कितीजणांनी पाहिली? त्याच दिग्दर्शकानं २०२१ साली तो ‘छोरी’ म्हणून हिंदीत पुन्हा केला तेव्हा चर्चा झाली. पैसा हिंदीत आहे, हे मला कळतं. पण माजघरात कुजबुजलेलं बोलणं हिंदीत ऐकताना अर्धी भीती वाटेतच सांडते.

आणि साहित्य तर पडून आहे. धारपांची ‘लुचाई’, ‘चेटकीण’. मतकरींच्या गूढकथा, ज्यांत रोजच्या ब्लॉकमध्ये काहीतरी किंचित चुकतं. जी. ए. कुलकर्णी शेवटी पुण्यात होते, १९८७ साली इथेच गेले. त्यांच्या ‘स्वामी’त एका माणसाला मठाच्या कोठडीत सन्मानानं कोंडून घालतात. राक्षस नाही, रक्त नाही, फक्त आदरानं बंद केलेलं दार. हे चित्रपटात आणायला पैसा लागत नाही, एक खोली लागते आणि दिग्दर्शकाच्या अंगी सबुरी. अमोल पालेकरांनी ‘कैरी’ केला तो वेगळ्या, हळव्या जीएंचा. काळोखातले जीए अजून कुणी पडद्यावर आणलेले मी पाहिलेले नाहीत.

तेव्हा मराठीत सिनेमा करू पाहणाऱ्या पोरापोरींना एक विनंती. नारायण, शनिवार, सदाशिव पेठेत थोडे वाडे अजून उभे आहेत, त्यातल्या बहुतेकांच्या दारावर विकसकाचा फलक लागला आहे किंवा लागायच्या बेतात आहे. माजघरं आहेत, बळदं आहेत, आड बुजवलेले असले तरी त्यांची तोंडं दिसतात. कॅमेरा न्यायचा असेल तर येत्या पावसाळ्यात न्या. भाडेकरूंची समजूत आम्ही काढू.